लाटांची उंची

लियोंगशेठच्या दुकानात भिंतीवर अकरा टीव्ही.
सगळे विकायचे, म्हणून सगळे चालू.
मकासारमधल्या त्या आठवड्यात अकराही पडद्यांवर
एकच विमान नव्हतं.

इबू हास्ना दुसऱ्या दिवशी आल्या.
घरी एका वेळी एकच चॅनेल दिसतं, म्हणाल्या,
आणि रुस्ली त्या विमानात कॉफी वाटतो.
मी प्लास्टिकचं स्टूल दिलं.
काय दाखवू, असं विचारायची सवय आहे, ती गिळली.

पहिल्या पडद्यावर सूटमधला माणूस
निळ्या नकाशावर बोटाने लाल रेघ ओढतो.
पाण्यावरचीच रेघ ती; जाहिराती संपेपर्यंत पुसते,
मग तो दुसरी ओढतो, जरा दक्षिणेला.
त्याच्या शेजारी, त्रेचाळीस इंची, सवलतीत:
खोट्या कॉकपिटमध्ये बसलेला निवृत्त वैमानिक
रोज सात वाजता कोसळून दाखवतो
आणि चहा घेतो.
वरच्या रांगेत परदेशी चॅनेलं. तिथे विमानाचं वय सांगतात,
कंपनीच्या शेअरचा भाव सांगतात,
आणि प्रवाशांत आपलं कुणी नाही
हे दोनदा सांगतात.
खाली कोपऱ्यात एक मांत्रिक
तांब्याच्या परातीतल्या पाण्यात बघून म्हणतो, सगळे सुखरूप आहेत.
इबू हास्ना त्या परातीकडे नको तितका वेळ बघतात.
मी हळूच तिथे कार्टून लावतो.

चौथ्या दिवशी एका चॅनेलला चप्पल सापडली.
दुसऱ्याला तीच सापडली, पण 'फक्त आमच्याकडे'.
तिसऱ्याने विचारलं, चप्पल की कारस्थान?
रात्री उशिरा कुठल्याशा पट्टीत, बारीक अक्षरांत आलं
की ती एका कोळ्याची होती, त्याने ती परत मागितली आहे.
"ड्यूटीवर तो बूट घालतो," इबू म्हणाल्या,
"काळे. टाच उजवीकडे झिजते."
अकरा स्टुडिओंत मिळून
एवढी एक बातमी कुणाकडे नव्हती.

मी आवाज बंद करत गेलो, एकेक.
आवाज गेला की सगळे सारखे:
टाय, हात, निळा चौकोन, पुन्हा हात.
लियोंगशेठ गल्ल्यावरून म्हणाले, गिऱ्हाइकाला आवाज ऐकून घ्यायचा असतो रे.
मग तेही गप्प झाले.

नवव्या दिवशी बॅडमिंटनची फायनल.
विमान डावीकडच्या कोपऱ्यात गेलं,
मग पट्टीत,
मग दोन गेमच्या मधल्या वेळात,
मग नाहीच.
दुसऱ्यांदा हरवायला त्याला दीड तासही लागला नाही.
दुकानात माणूस मावेना. कुणी उकडलेल्या शेंगा आणल्या,
कुणाचं पोर माझ्या काउंटरवर चढलं,
मीही एका स्मॅशला ओरडलो, खोटं कशाला बोलू.

इबूंनी स्टूल ओढत नेलं
अकराव्या टीव्हीपाशी. तो कुणी घेत नाही,
चेहरे हिरवट दिसतात त्यावर.
सरकारी चॅनेल लागलेलं. तिथली बाई, केसांतली पिन तिरपी,
कागदावरून डोळे न उचलता काहीतरी वाचत होती.

"आवाज वाढव."

नऊ दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं.
मी वाढवला. टाळ्यांच्या वर जाईना, आणखी वाढवला.

फ्लोरेस समुद्र, पूर्व भाग. लाटा अडीच मीटर.
वारा वायव्येकडून. लहान होड्या बाहेर काढू नयेत.
बांडा समुद्र, पावणेदोन मीटर, रात्री ओसरतील.

मागून कुणीतरी म्हणालं, अरे, हे काय लावलंय.
लियोंगशेठनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पाण्याचं तापमान एकोणतीस.

"एकोणतीस," इबू हास्ना म्हणाल्या,
माझ्याकडे वळून, जणू मी विचारलं होतं,
"म्हणजे फार गार नाही."